सातारा-सांगलीकडील निवांत सडका

राजांचा, लढायांचा आणि तहांचा इतिहास लिहिणारे आपल्यांत पुष्कळ झाले. परंतु ज्या वाटांनीं त्या फौजा चालून गेल्या व ज्या घाटांनीं त्या तहांचे कागद घेऊन जासूद उतरले, त्या वाटांचा इतिहास सांगावा असें फार थोड्यांस वाटलें. रस्ता ही वस्तु पायांखालीं असते म्हणूनच डोळ्यांत भरत नाहीं. त्यांतही गजबजलेल्या रस्त्याचें नांव सरकारी दप्तरांत व वर्तमानपत्रांत वारंवार येतें. पण जो रस्ता निवांत आहे, ज्यावर एखादी गाय आडवी उभी राहिली तरी कोणाचा खोळंबा होत नाहीं, त्याची वास्तपूस कोण करणार? सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांत असे निवांत रस्ते अद्यापि पुष्कळ आहेत, आणि सायकलीवर बसून डोंगर पाहत हिंडण्याची ज्यांस हौस आहे त्यांस ते चांगले ठाऊक आहेत. हे रस्ते निवांत कां राहिले, हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो. रस्त्याची शांतता ही रानांतील शांततेसारखी आपोआप असलेली वस्तु नव्हे. रस्ता कोणीं तरी, कशासाठीं तरी बांधलेला असतो. तो निवांत असला तर त्यालाही कांहीं कारण घडलेलें असतें. तें कारण शोधूं गेल्यास या मुलखाच्या दोनशें वर्षांच्या सुखदुःखांचा बराच भाग हातीं लागतो.

प्रथम प्रदेश ध्यानांत घ्यावा. ज्यांस आज आपण सातारा व सांगली असे दोन जिल्हे म्हणतों, ते संस्थानी मुलूख वगळतां १९४९ पर्यंत एकच होते. त्या सालीं उत्तर सातारा व दक्षिण सातारा अशी वांटणी झाली, आणि १९६० सालीं दक्षिण साताऱ्यास सांगली हें नांव मिळालें. पश्चिमेस सह्याद्रीची मुख्य भिंत. तिच्यापासून पूर्वेकडे शंभुमहादेवाच्या डोंगराची लांब ओळ गेलेली. आणि मध्यें कृष्णा, वेण्णा, कोयना, येरळा यांचीं खोरीं. महाबळेश्वरास वर्षाकांठीं दोनशें इंचांहून अधिक पाऊस पडतो, तर तेथून एका दिवसाच्या प्रवासावर असलेल्या माण व आटपाडी तालुक्यांत वीस इंचांचीही खात्री नसते. या एका गोष्टीमुळें येथील सडकांच्या दोन जाती झाल्या. पश्चिमेकडील सडका व्यापारासाठीं व हवा खाण्यासाठीं झाल्या. पूर्वेकडील बऱ्याच सडका उपाशी माणसांस काम देण्यासाठीं झाल्या.

चाकें येण्यापूर्वीं पश्चिमेकडील सर्व रहदारी पाठीवरची होती. लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर गोण्या लादून घाट उतरत. देशावरचें धान्य, गूळ व मिरची खालीं महाड-चिपळुणाकडे जाई, आणि मीठ, नारळ व भात वर येई. पार, हातलोट, कुंभार्ली हीं नांवें त्या काळीं व्यापाऱ्यांच्या तोंडीं असत. इ. स. १६५९ मध्यें अफझलखानाचें सैन्य वाईहून रडतोंडीच्या घाटानें पार गांवीं उतरलें, तें याच वाटांच्या जाळ्यांतून. घाटाचें नांवच त्याची चढण सांगतें. पार गांवाजवळ कोयनेवर दगडी कमानींचा शिवकालीन पूल आहे. अशा दुर्गम जागीं पक्का पूल बांधण्याची गरज वाटावी, इतकी त्या वाटेवर ये-जा होती. आज प्रतापगडास येणारा प्रवासी मोटारीनें थेट गडाच्या पायऱ्यांशीं पोंचतो व पार गांव एका अंगास राहतें. एके काळीं मुख्य असलेली वाट आज आडवाट झाली. या प्रांतांतील निवांतपणाची ही पहिली तऱ्हा होय.

पेशवाई बुडाल्यावर साताऱ्याच्या गादीवर इंग्रजांनीं प्रतापसिंह महाराजांस बसविलें. या विद्याव्यासंगी राजास सडका बांधण्याचा मोठा नाद होता. १८२४ सालीं साताऱ्याच्या छावणीवरील लॉडविक नांवाचा लष्करी अंमलदार महाबळेश्वराच्या पठारावर चढून गेला व तेथील थंड हवेची वार्ता इंग्रजांत पसरली. महाराजांनीं साताऱ्याहून तेथवर सडक बांधविली. पुढें मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम यास ती जागा इतकी आवडली कीं, १८२९ सालीं कंपनी सरकारनें महाबळेश्वर महाराजांकडून मागून घेतलें व त्याच्या मोबदल्यांत वाईजवळील खंडाळा हें गांव त्यांस दिलें. या अदलाबदलीचें नवल आज विशेष वाटतें. जें गांव मोबदला म्हणून मिळालें, तें पुण्याहून साताऱ्यास येणाऱ्या हमरस्त्यावर, खंबाटकी घाटाच्या पायथ्याशीं आहे, आणि तेथें आज रात्रंदिवस मालमोटारींचा गडगडाट चालतो. उलट महाबळेश्वराकडे जाणारी मेढ्यावरून केळघर घाटानें चढणारी वाट, पुण्याचे प्रवासी वाई, पसरणी घाट व पांचगणी या मार्गानें जाऊं लागल्यामुळें, पुष्कळच मोकळी राहिली.

१८४८ सालीं साताऱ्याचें राज्य खालसा झालें, आणि सडका बांधण्याचें काम राजाच्या हौसेचें न राहतां दप्तराचें झालें. १८६९ च्या कायद्यानें मुंबई इलाख्यांत शेतसाऱ्याच्या दर रुपयामागें एक आणा लोकलफंडासाठीं घेण्याचें ठरलें. त्याचे दोन हिस्से रस्त्यांस व एक हिस्सा शाळांस जाई. म्हणजे खेड्यापाड्यांतील जी पहिली खडीची वा मुरमाची सडक झाली, ती शेतकऱ्याच्या आण्यांतून झाली. १८८४ पासून हीं कामें जिल्हा व तालुका लोकलबोर्डांकडे आलीं, आणि १९६२ सालीं जिल्हापरिषदांकडे गेलीं. मुख्य सडका मात्र सरकारी बांधकाम खात्याच्या हातीं राहिल्या; त्यांतूनच १८७० नंतरच्या दशकांत महाबळेश्वराहून पोलादपुराकडे उतरणारा आंबेनळी घाट तयार झाला व गव्हर्नर फिट्झजेराल्ड याच्या नांवानें ओळखला जाऊं लागला. घाट झाला तशी गाडी आली, आणि बैलाच्या पाठीवरची गोणी हळूहळू नाहींशी झाली.

पूर्वेकडील सडकांची हकीकत अशी प्रसन्न नाहीं. १८७६-७७ चा दुष्काळ दक्षिणेंतील सर्व दुष्काळांत भयंकर. त्या वेळीं माण, खटाव, खानापूर या भागांतील हजारों माणसें सरकारी कामांवर लोटलीं. म्हसवडजवळील राजेवाडीचा विस्तीर्ण तलाव त्याच काळांत खोदावयास घेतला. तलाव नसेल तेथें सडक, असा तेव्हां आणि पुढेंही नियम होऊन बसला. सडकेस नेण्यासारखा माल आहे किंवा नाहीं, हें पाहून ती आंखलेली नव्हती. गांवांतील लोकांच्या हातांस काम हवें होतें म्हणून ती आंखली गेली. १९७२ च्या दुष्काळांतही हीच गोष्ट घडली. वि. स. पागे यांच्या कल्पनेंतून निघालेल्या रोजगार हमी योजनेचा पहिला प्रयोग १९६५ सालीं तासगांव तालुक्यांतील विसापूर भागांत झाला होता. तिला १९७७ सालीं कायद्याचें रूप आलें व १९७९ पासून तो कायदा अंमलांत आला. आज खटाव-खानापुराकडील माळावरून सरळ जाणारी एखादी अरुंद सडक सायकलस्वारास फार रम्य वाटते. परंतु तिच्या कडेची खडी कोणाच्या तरी आईनें डोईवर कडी घेतलेल्या मुलाला झाडाखालीं निजवून, हातोडीनें फोडलेली आहे, हें तिनें विसरूं देऊं नये.

तिसरें एक कारण राजकीय आहे. या मुलखांत खालसा जिल्ह्याच्या पोटांत संस्थानांचे तुकडे विखुरलेले होते. सांगली, मिरज, फलटण, जत आणि औंध यांच्या सीमा इतक्या वेड्यावांकड्या कीं, औंध संस्थानाचें एक गांव साताऱ्याकडे, तर कुंडल व आटपाडी हीं ठाणीं दूर दक्षिणेस व पूर्वेस. प्रत्येक दरबाराची सडक आपापल्या राजधानीकडे तोंड करून निघे. हद्द आली कीं तिचा उत्साह संपे. १९४८ सालीं दक्षिणी संस्थानें विलीन झालीं, तेव्हां या तुटक सडकांचीं टोकें जोडलीं गेलीं, पण त्यांचीं वळणें तशींच राहिलीं. ज्या गांवावरून त्या वळसा घालून जातात, त्या गांवास विचारल्यास एखादी जुनी हद्द किंवा नाका निघतोच. घाईच्या माणसास असा वळसा नको असतो. म्हणून तो मोठ्या रस्त्यानें जातो आणि वळसा निवांत राहतो.

१८८० नंतरच्या दशकांत सदर्न मराठा रेल्वेची पुण्याहून मिरजेकडे जाणारी मीटर मापाची लोहवाट या मुलखांतून गेली. तेव्हांपासून जो माल घाट उतरून कोंकणांतील बंदरांस जाई, तो पूर्वेकडे स्टेशनांवर येऊं लागला. घाटांतील गाड्या उणावल्या. महाड व चिपळूण यांचा देशावरील व्यापार आटला. ज्या शांततेचा आज आपण उपभोग घेतों, तिच्यामागें कोणाचें तरी बुडालेलें दुकान असतें, हें इतिहास वाचणारास नवें नाहीं.

आतां या वाटांवर सायकल कशी आली तें पाहूं. १८१७ सालीं जर्मनींतील कार्ल ड्रेस यानें पायांनीं ढकलावयाची दुचाकी काढली. १८६० नंतर पॅरिसच्या कारागिरांनीं तिला पायटे बसविले. १८८५ सालीं इंग्लंडांतील कॉव्हेंट्री येथें स्टार्ली यानें दोन्हीं चाकें सारखीं असलेली, सांखळीनें चालणारी गाडी तयार केली. आणि १८८८ सालीं डनलॉप यानें हवेच्या धांवेचा हक्क नोंदविला. त्याच १८८८ सालीं बेळगांवांत लक्ष्मणराव किर्लोस्कर व त्यांचे बंधु रामुअण्णा यांनीं सायकलींचें लहानसें दुकान घातलें. लक्ष्मणराव तेव्हां मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिकवीत. चित्रकलेचा अभ्यास त्यांस रंगांधळेपणामुळें सोडावा लागला होता, व यंत्रांच्या रेखाटनाकडे मन वळलें होतें. मुंबईंत दिसलेली ही नवी पायगाडी बेळगांवच्या लोकांस विकणें, दुरुस्त करून देणें आणि तीवर बसावयास शिकविणें, हा त्यांचा आरंभीचा उद्योग. पुढें त्याच हातांनीं कडबा कापण्याचें यंत्र व लोखंडी नांगर निघाला. बेळगांवची जागा सोडण्याची पाळी आली तेव्हां औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं कुंडल रोड स्टेशनाजवळील निवडुंगाचा ३२ एकर माळ दिला, आणि १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली. आज सांगली जिल्ह्यांत असलेली ही वसाहत, म्हणजे एका सायकलीच्या दुकानाचा विस्तार आहे असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

सुरुवातीस पायगाडी ही श्रीमंताची वस्तु होती; पण विसाव्या शतकांतील पहिल्या दोनतीन दशकांत ती शाळामास्तर, टपालवाला, दूधवाला, वैद्य व गिरणीकामगार यांच्या हातीं आली. १९२३ सालीं मुंबईचे आदि हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भुमगरा हे तीन पारशी तरुण सायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले व १९२८ सालीं परतले, तेव्हां हें वाहन काय करूं शकतें याची आपल्या लोकांस खात्री पटली. म्युनिसिपालिट्यांनीं सायकलींवर कर बसविला, पितळी बिल्ले दिले, आणि रात्रीं दिवा नसला तर शिपायानें अडवावें असे नियम केले. सातारा-सांगलीच्या खेड्यांतून सायकल ही क्रीडा म्हणून आली नाहीं. ती गरज म्हणून आली. कॅरिअरवर दुधाच्या कासंड्या अडकवून पहांटे निघालेला गवळी, किंवा नळीवर धाकट्या बहिणीस बसवून हायस्कुलास जाणारा मुलगा, हेच येथील पहिले सायकलयात्री. हौसेनें डोंगर चढणारे मागाहून आले.

हौसेनें सायकलीवर डोंगर चढण्याची विद्या खरी वाढविली ती फ्रान्सनें. तेथील सेंत-एतियेन या गांवीं पॉल द व्हिव्ही नांवाचा (१८५३–१९३०) रेशमाचा व्यापारी होता. त्यानें १८८७ सालीं सायकलविषयक मासिक काढलें, ‘व्हेलोसियो’ या टोपणनांवानें लिहिलें, आणि शर्यत न लावतां, वाटेंत थांबत, देश पाहत फिरण्यास एक नांव व एक शिस्त दिली. चढावर पाय जड होऊं नयेत म्हणून सांखळीचे दांते बदलण्याची युक्ति त्यानें जन्मभर प्रचारिली; शर्यतीच्या चालकांनीं मात्र आपल्या सुप्रसिद्ध फ्रान्स-प्रदक्षिणेंत ती १९३७ पर्यंत येऊं दिली नाहीं. या शांत रस्त्यांच्या उपासकाचा मृत्यु शहरांत ट्रामगाडीचा धक्का लागून झाला, ही दैवाची थट्टाच म्हणावयाची. त्याच्या स्मरणार्थ सेंत-एतियेनजवळील खिंड चढण्याचा वार्षिक उत्सव १९२२ पासून, म्हणजे तो जिवंत असतांनाच, सुरू झाला होता.

परंतु व्हेलोसियोस फिरावयास असे रस्ते मिळाले कोठून? फ्रान्समध्यें १८३६ सालीं एक कायदा झाला, त्यानें प्रत्येक गांवावर आपल्या शिवेंतील रस्ते राखण्याचें कर्तव्य लादलें. गांवकऱ्यानें वर्षांतून तीन दिवसांपर्यंत श्रम द्यावेत किंवा तितका कर भरावा. या तीन दिवसांच्या श्रमांनीं डोंगराडोंगरांतून लहान सडकांचें जाळें विणलें गेलें. आज त्या देशांत दहा लक्ष किलोमीटरांहून अधिक रस्ते आहेत, व त्यांतील बहुतेक असे लहानच. पुढें शेतकरी शहरांकडे गेले, डोंगराळ गांवें ओस पडूं लागलीं, आणि सडका निवांत राहिल्या. ज्या लहान लोहवाटा बंद पडल्या, त्यांचे रूळ काढून १९९० नंतर त्यांतील कित्येकांचे मोटारींस मज्जाव असलेले ‘हिरवे मार्ग’ केले. बर्गंडींतील द्राक्षमळ्यांच्या टेंकड्यांमधून क्लूनी गांवाकडे जाणारा मार्ग हा त्यांतला अग्रणी. आपला एक आण्याचा लोकलफंड आणि त्यांचे तीन दिवसांचे श्रम, यांत तत्त्वाचा फरक नाहीं. फरक पुढें पडला. त्यांनीं आपल्या निवांत सडका मोजल्या, नकाशांत निराळ्या रंगानें दाखविल्या, व त्यांस एक प्रकारची मालमत्ता मानलें. आपण त्यांस अपुरे राहिलेले महामार्ग समजतों.

१९४३ सालीं देशांतील मुख्य इंजिनियरांनीं नागपुरास जमून सडकांची वर्गवारी ठरविली: राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्ह्याच्या व गांवच्या. सायकलस्वाराचें सुख या यादीच्या शेवटच्या दोन वर्गांत आहे. २००० सालीं सुरू झालेल्या पंतप्रधान ग्रामसडक योजनेंत अशा रस्त्याची रुंदी पावणेचार मीटर धरली आहे. एक गाडी नीट जावी व दुसरी आल्यास कडेला घ्यावी लागावी, इतकी. वाहनाचा वेग कमी ठेवण्यास पोलिसापेक्षां ही रुंदीच अधिक उपयोगी पडते.

या दोन जिल्ह्यांतील अशा कांहीं वाटा येथें सांगाव्याशा वाटतात. वाईहून धोम धरणाच्या कडेनें बलकवडीवरून जोरपर्यंत जाणारी सडक कृष्णेच्या उगमाच्या डोंगराखालीं संपते. तेथून वर महाबळेश्वरास पायवाटच जाते, म्हणून पलीकडे जाणारी मोटार तीवर येत नाहीं. साताऱ्याहून यवतेश्वराचा घाट चढून सुमारें २५ किलोमीटरांवरील कासचें पठार लागतें व पुढें बामणोलीस कोयनेच्या पाण्याशीं वाट थांबते. फुलांच्या हंगामांत तेथें गाड्यांची रीघ असते; इतर महिन्यांत पहांटे निघालेल्यास वारा व चंडोल यांखेरीज सोबत नसते. सज्जनगडाच्या पायथ्यावरून ठोसेघर व चाळकेवाडीच्या सड्यावर जाणारी वाट पवनचक्क्यांच्या रांगांतून जाते. तीं अजस्र पातीं वर नेण्यासाठीं केलेल्या सडका त्यांचें काम आटोपतांच रिकाम्या झाल्या. दक्षिणेस यशवंतराव चव्हाणांचें जन्मगांव देवराष्ट्रें, तेथून सागरेश्वराचें हरणांचें रान, कुंडल, किर्लोस्करवाडी, आणि भिलवडीजवळ कृष्णाकांठीं औदुंबर, अशी वाट सांगलीस जाते. कुंडल हें १९४३ नंतर नाना पाटलांच्या प्रतिसरकारचें मोठें ठाणें होतें. जवळच्या शेणोली स्टेशनावर ७ जून १९४३ रोजीं गाडी अडविणारे तरुण याच पाणंदींतून नाहींसे झाले. या वाटेस एक इशारा द्यावयास हवा: उंसाचा गळीत हंगाम चालूं असतां तीवर जाऊं नये, कारण बैलगाड्या व ट्रॅक्टर यांची रांग कारखान्यापर्यंत लागलेली असते. पूर्वेस औंधच्या यमाईच्या डोंगरापासून आटपाडी व खरसुंडीकडे जाणारे माळरस्ते हे सर्वांत एकाकी.

या एकाकीपणाची किंमत मात्र कोणीं दिली? माण-खटावचीं माणसें मुंबईच्या गिरण्यांत व गोद्यांत गेलीं. खानापूर-आटपाडीचीं माणसें सोनें-चांदी गाळण्याचा गलाई धंदा घेऊन हिंदुस्थानभर पसरलीं. कोयनेचें धरण झालें व १९६० नंतर शिवसागराचें पाणी भरत गेलें, तेव्हां खोऱ्यांतील गांवें उठून सोलापूर, ठाणें, कुलाबा अशा दूरदूरच्या जिल्ह्यांत गेलीं. जीं उरलीं त्यांच्या जुन्या वाटा पाण्याखालीं बुडाल्या. बामणोलीस सडक संपते ती पुढें जावयाचें कारण नाहीं म्हणून नव्हे. पुढची सडक तळाशीं आहे म्हणून. पलीकडच्या गांवांतील बाळंतिणीस दवाखान्यांत न्यावयाचें तर लाँचेची वाट पाहावी लागे. आम्ही ज्यास निवांत म्हणतों, त्यास ती घरें अडचण म्हणत आलीं आहेत; आणि तें म्हणणें खोटें नाहीं.

म्हणूनच पुढील प्रश्न सोपा नाहीं. शिवसागरावर तापोळ्याजवळ पुलाचें काम हातीं घेतलें आहे. ‘नवें महाबळेश्वर’ या नांवानें दोनशेंहून अधिक गांवांचें नियोजन सरकारनें रस्ते विकास महामंडळाकडे सोंपविलें आहे. पूल व्हावा, दवाखान्याची वाट जवळ व्हावी, याविषयीं कोणाचेंही दुमत होऊं नये. पण ज्या दिवशीं वाट पलीकडे निघेल त्या दिवशीं ती केवळ गांवकऱ्याची राहणार नाहीं. घाईची मोटार, मालाचा ट्रक आणि जमिनीचा दलाल तिच्यावरून येऊं लागतील. पुणें-बंगलोर हमरस्ता रुंद झाला तेव्हां त्याच्या दुतर्फा असलेलीं वडाचीं झाडें गेलीं. २०२० सालीं मिरज तालुक्यांतील भोसे येथें महामार्गाच्या आंखणींत सांपडलेला जुना वटवृक्ष लोकांनीं आवाज उठविल्यानें वांचला व रस्त्याची आंखणी बदलली. तो वृक्ष पुढें आपल्या वयानें कोसळला. पण आंखणी बदलतां येते, हें त्यानें दाखवून दिलें.

आमचें म्हणणें एवढेंच आहे कीं, सडकेची किंमत तिच्यावरून किती वाहनें गेलीं एवढ्यावरूनच ठरवूं नये. ज्या सडकेवरून पोर एकटें शाळेस जाऊं शकतें, म्हातारा काठी टेंकीत देवळास जाऊं शकतो, आणि गुरें सांज होतांच आपल्या आपण घरीं येतात, ती सडक गांवाच्या विहिरीसारखी व गायरानासारखी सामाईक ठेव आहे. सायकलयात्री हा तिचा मालक नव्हे, पाहुणा आहे. मात्र पाहुण्यास ज्या सडकेवर निर्भयपणें चालतां येतें, तीवर यजमानाचें मूलही निर्भय असतें. गरजेचे पूल बांधावे. परंतु ज्या वाटेस पर्यायी हमरस्ता आहे, तिची पावणेचार मीटरांची रुंदी तशीच ठेवावी, अवजड गाड्यांस तेथें बंदी असावी, कडेचीं झाडें मोजून नोंदवावीं, आणि जिल्हापरिषदेनें अशा वाटांची एक यादी करावी. याला मोठा खर्च लागत नाहीं.

प्रतापसिंह महाराजांच्या सडकेस दोनशें वर्षें होत आलीं. दुष्काळी कामावरच्या मजुरांचीं नांवें कोठेंच नोंदलेलीं नाहींत. एक आणा देणाऱ्या शेतकऱ्याची पावती केव्हांच वाळवीनें खाल्ली. त्या सर्वांनीं मिळून जी ठेव मागें ठेविली ती या लहान सडकांच्या रूपानें आपल्या हातीं आहे. ती कोणास उपयोगी पडावी, हें ठरविण्याची वेळ आतां आपल्यावर आली आहे, आणि हा निर्णय केवळ कंत्राटदारावर सोंपवून आपण स्वस्थ बसूं नये.